'ख्रिस्तपुराण' : बरोक युगातील एक मराठी कवी

मराठी वाङ्मयेतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्थान बहुधा एका प्रशस्तीपुरते ठरून गेले आहे. 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी येणाऱ्या मराठीच्या गौरवाच्या ओव्या भाषणांतून व निबंधांतून इतक्या वेळा उद्धृत झाल्या, की जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे हे काव्य त्यांच्याआड झाकले गेले. वस्तुतः त्याच पहिल्या अवस्वरूत, म्हणजे अध्यायात, याहून बोलका प्रसंग आहे. साष्टीतील देवळात धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूला विचारतो, की पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? सारे काव्य या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभे राहते.

हा प्रश्न कविकल्पना नव्हे. गोव्यात पोर्तुगीज सत्ता स्थिरावल्यावर देवळांबरोबर पोथ्यांवरही संक्रांत आली. १५६७ च्या प्रांतिक धर्मपरिषदेने जुन्या धर्माच्या आचारांवर व ग्रंथांवर कडक निर्बंध घातले. पण याच काळात मराठी पोथ्या मिळवून त्यांचा अभ्यास करणारेही जेझुइटच होते. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवलेल्या मराठी-कोंकणी कथांची हस्तलिखिते आजही आहेत. एका हाताने पोथी हिरावून घेणे आणि दुसऱ्या हाताने ती काळजीपूर्वक नकलून ठेवणे, या दुहेरी व्यवहारातून स्टीफन्स यांचे काव्य जन्मले.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक म्हणून राहणे जिकिरीचे होते. त्यांचा समकालीन जेझुइट एडमंड कॅम्पियन १५८१ मध्ये फाशी गेला. स्टीफन्स १५७५ मध्ये रोम येथे संघात दाखल झाले आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यास पोचले. समुद्रप्रवासाचे वर्णन करणारे वडिलांना लिहिलेले त्यांचे पत्र हॅक्लूटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते असे निरीक्षण येते. विल्यम जोन्सच्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशे वर्षे आधीचे! त्याच वर्षी कुंकळ्ळी येथे रुदोल्फो आक्वाव्हिवा यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे देह परत आणण्याच्या कामी स्टीफन्स होते. १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतचा त्यांचा बहुतेक काळ याच साष्टी प्रदेशात गेला. स्वधर्मासाठी मायदेश सोडलेल्या या माणसाने दुसऱ्यांचा धर्म मोडणाऱ्या सत्तेच्या छत्राखाली काव्य लिहिले, हा विरोध त्यांचे चरित्रकार सहसा हळुवारपणे ओलांडून जातात.

काळाच्या दृष्टीने स्टीफन्स हे युरोपीय बरोक युगाचे कवी. तथापि केवळ काळावरून संज्ञा लावण्यात अर्थ नाही. स्वीडिश बरोक काव्याचा जनक गेऑर्ग स्टियर्नहिएल्म (१५९८–१६७२) याच्याशी तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. त्याचे 'हर्क्युलिस' हे नीतिकाव्य १६५८ मध्ये प्रसिद्ध झाले. अभिजात षट्पदी वृत्त त्याने स्वीडिश भाषेत आणले आणि विस्मृत जुने शब्द उजळून भाषेला प्रतिष्ठा दिली. त्याच्यामागे एक नवी महासत्ता, राणी क्रिस्तिनाचा दरबार आणि पुरातन वास्तूंच्या अभ्यासाचे सरकारी मंडळ होते. स्टीफन्स यांनी उलट बाहेरून वृत्त आणले नाही. पहिले तीन चरण यमकबद्ध आणि चौथा आखूड, ही ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली. आरंभीचे वंदन, श्रोता-वक्त्यांचा संवाद, भाषेची स्तुती ही सारी चौकट पुराणाची. आशय बायबलचा असला तरी स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्यास कवी कचरत नाही. एकनाथांचे निधन १५९९ चे, म्हणजे स्टीफन्स गोव्यात असतानाचे. पैठणची ओवी साष्टीत अपरिचित नव्हती. बरोकची इंद्रियगोचर चित्रमयता 'ख्रिस्तपुराणा'त आहे, विशेषतः ख्रिस्ताच्या यातनांच्या प्रसंगी. पण तिचे नियमन ओवीची संथ लय करते, आणि काव्याचे यश त्या नियमनात आहे.

ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा मुद्रणे झाली. यांपैकी एकाही मुद्रणाची प्रत आज उपलब्ध नाही. देवनागरीत छापण्याची इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये संघप्रमुखांना पत्राने कळवली होती, परंतु अक्षरांचे साचे सुमारे सहाशे लागतील ही अडचण होती. भाषेची पारख असलेल्या कवीला लिपीची उणीव सलत होती, हे येथे दिसते. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि ज्या सत्तेने हे पुराण छापू दिले तिनेच त्याची भाषा निषिद्ध ठरवली. काव्य टिकले ते गोव्याबाहेर, दक्षिण कानडातील कॅथलिक कुटुंबांच्या हस्तलिखितांत. टिपूच्या कैदेतील वर्षांत ते गाऊन लोकांनी धीर धरला, असे तेथील परंपरा सांगते.

जोसेफ साल्ढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे १०,९६२ ओव्यांची आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ते देवनागरीत आणले. दरम्यान लंडनमध्ये मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट यांनी प्रकाशात आणले आणि मूळ पाठाचा वाद सुरू झाला. रोमन प्रतींत धर्मविषयक संज्ञा पोर्तुगीज-लॅटिन आहेत, तर मार्सडेन प्रतीत त्यांच्या जागी बहुधा संस्कृत शब्द येतात. स्टीफन्स यांनी प्रथम संस्कृत शब्द योजले व परवानगीसाठी ते बदलावे लागले, की कोणा उत्तरकालीन विद्वानाने पाठ संस्कृतमय केला? कॅरिडाड द्रागो यांच्या १९९६ च्या आवृत्तीने मार्सडेन प्रतीला प्राधान्य दिले. परंतु छापील प्रत डोळ्यांसमोर नसताना शैलीवरून काढलेला निष्कर्ष सावधपणेच घ्यावा लागतो. ओवीची यमके जेथे संस्कृत शब्दाने नीट बसतात आणि पोर्तुगीज शब्दाने अडखळतात, तेथील एकेक चरण तपासण्याचे काम पाठचिकित्सकाला आधी करावे लागेल.