सुशीलेचं कूळ

बीड जिल्हा ज्वारी-बाजरीचा. बालाघाटाच्या रांगांवर आणि त्यांच्या पायथ्याशी पाऊस बेताचा, तोही बेभरवशाचा. भात हे इथलं पीक नव्हे. तरी अंबाजोगाई किंवा परळीला सकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलात गेलं, की परातीत जो पिवळा ढीग वाफाळत असतो तो तांदळाच्याच पोटचा. त्याचं नाव सुशीला. चुरमुरे भिजवून, पिळून, फोडणीला टाकले की झाली सुशीला. सोबत एखादं मिरचीचं भजं आणि वर चहा, एवढ्यावर माणसाची दुपार होते. ज्वारीच्या मुलखात हा तांदळाचा नाश्ता रुजला कसा, हे पाहायचं तर शेतात नाही, भट्टीवर आणि स्टँडवर जायला हवं.

आधी भाऊबंद पाहू. चुरमुऱ्यांचे पदार्थ देशभर आहेत, पण त्यांची दोन घराणी पडतात. मुंबईची भेळ, कोल्हापूरचं भडंग, बंगालची झालमुडी ही मंडळी कुरकुरीतपणावर जगतात. ओल लागली की संपली. दुसरं घराणं मुद्दाम भिजणारं. लातूर, धाराशिव, सोलापूरकडे ते सुशीला म्हणून ओळखलं जातं. उत्तर कर्नाटकात त्याला सुसला म्हणतात. दावणगेरे-चित्रदुर्गाकडे तेच मंडक्कीची ओग्गरणे होतं, म्हणजे चुरमुऱ्यांची फोडणी. अनंतपूर, कर्नूल, बळ्ळारीत ते उग्गाणी. गंमत अशी, की भजं जवळपास सगळीकडे सोबतीला येतं. उग्गाणी-बज्जी हा तिकडे जोडशब्दच आहे.

ही गावं नकाशावर जोडत गेलं तर दख्खनच्या पर्जन्यछायेतला एक सलग पट्टा तयार होतो. त्याचा बराच भाग एकेकाळी एकाच अमलाखाली होता. बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हा मुलूख निजामाने १८०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला तोडून दिला. बीड, बिदर, रायचूर, गुलबर्गा मात्र १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिले. निजामाने सुशीला आणली असं यातून कुणी समजू नये. पण तेच व्यापारी, तेच यात्रेकरू, त्याच बैलगाड्या पिढ्यान्‌पिढ्या या टापूत फिरत होते. मराठीने शेजाऱ्याच्या सुसल्याला बाईचं नाव दिलं आणि घरात घेतलं असावं. सुशीला नावाच्या कुण्या बाईने हा पदार्थ शोधला, ही कथा त्या नावामागून आली असणार.

आता भट्टीकडे. चुरमुरा म्हणजे लाही नव्हे. लाही धान्य सालासकट तापवून फोडतात. आतली वाफ कोंडते आणि दाणा फुटतो. नागपंचमीला बीडच्या घराघरांत ज्वारीच्या लाह्या होतात त्या अशाच. चुरमुऱ्याचं काम लांबचं आहे. भात भिजवून उकडायचा, वाळवायचा, भरडून तांदूळ काढायचा, मिठाचं पाणी चोळायचं आणि मग अडीचशे अंशांच्या आसपास तापलेल्या वाळूत काही सेकंद हलवायचा. उकडल्यामुळे दाण्यातलं पिष्ट घट्ट झालेलं असतं, म्हणून तो न फाटता फुगतो. हे काम घरच्या चुलीवर जमणारं नाही. त्यासाठी भडभुंजे आणि भोई यांच्या भट्ट्या होत्या. दावणगेऱ्यात तर मंडक्की भट्टी नावाची वस्तीच आहे.

इथे सुशीलेचं गमक सापडतं. दुष्काळी मुलखात तांदूळ हे सणावारी शिजणारं धान्य. चुरमुरा मात्र फुगलेला, हलका, मापाने विकला जाणारा. मूठभर तांदळाचे सूपभर होतात. कोरडा ठेवला तर तो टिकतो, पोत्यातून कुठेही जातो आणि दुसऱ्यांदा शिजवावा लागत नाही. गरिबाच्या आवाक्यात तांदूळ आला तो या रूपाने. परळी वैजनाथाच्या आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या दारात प्रसादाला चुरमुरे, बत्तासे, फुटाणे मिळतात, त्यामागेही हेच व्यवहारज्ञान आहे: यात्रेकरूला हा प्रसाद गावाकडे नेता येतो.

सुशीलेचं वय तिच्या कढईतल्या जिनसांवरून काढता येतं. हळद, मोहरी, कढीपत्ता जुने. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. शेंगदाणाही अमेरिकेतला; दख्खनच्या शेतात भुईमूग मोठ्या प्रमाणावर दिसू लागला तो एकोणिसाव्या शतकात. म्हणजे आज जी सुशीला आपण खातो, तिचं हे रूप फार तर दीड-दोनशे वर्षांचं. उरतं डाळव्याचं कूट. खरं कसब त्यात आहे. भिजलेल्या चुरमुऱ्यांत पाणी राहिलं तर त्यांचा लगदा होतो. डाळव्याचं कूट ते पाणी शोषून घेतं, दाणा दाण्यापासून सुटा ठेवतं आणि चुरमुऱ्यात नसलेला डाळीचा कस आणतं. म्हणून चुरमुरेही जाड लागतात. भेळेचे पातळ घेतले तर हाताखालीच विरघळतात. मीठ जपून, कारण ते दाण्यात आधीच असतं.

पदार्थ घरात होता, पण त्याला गाव मिळालं ते हॉटेलामुळे. बीडकडे 'हॉटेल' म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे. चार बाकडी, चहाचं पातेलं आणि भज्यांची कढई. हे हॉटेल जन्माला यायला दोन गोष्टी जमून याव्या लागल्या. एक, चहा. मळेवाल्यांच्या मागणीवरून १९०३ मध्ये चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून देशभर चहाचा प्रचार सुरू झाला. दुसरी, मोटार. हैदराबाद संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वेखात्यामार्फत २७ बसगाड्यांनी प्रवासी वाहतूक सुरू केली. पुढे राज्यं बदलली, एसटी आली. बीड शहरात रेल्वे पोचायला तर १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. तोवर जिल्हा मुख्यतः स्टँडवरूनच हलत होता: बाजाराला, कचेरीला, कोर्टात, दवाखान्यात, कारखान्याला. गाडी सुटायच्या आधी दहा मिनिटांत पोट भरेल असं काहीतरी हवं होतं. पोहे होतेच. पण सुशीलेचे चुरमुरे आधीच भाजलेले. भिजवायला दोन मिनिटं, परतायला तीन. सरपण कमी, नासाडी कमी, ताट भरलेलं दिसतं.

परळीला १९७१ मध्ये औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला, अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आलं. पाळीवरचे कामगार, रुग्णांचे नातेवाईक, खोली करून राहणारी पोरं अशी गिऱ्हाइकांची नवी फळी तयार झाली. "मामा, एक सुशीला अन् दोन भजे" ही त्या पोरांची रोजची ऑर्डर.

या बाकड्यांना आणखी एक बाजू आहे, ती झाकून कुळकथा पुरी होत नाही. जुन्या समजुतीत कोरडं भाजकं धान्य विटाळाच्या नियमातून बरंचसं सुटलेलं होतं. फुटाणे-चुरमुरे कुणाच्याही भट्टीवरून घेतले जात. पाणी लागलं की नियम कडक होत. सुशीला नेमकी पाण्यातून जाते. आणि हॉटेलांत दलितांसाठी वेगळ्या कपबशा ठेवण्याची रीत होती. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकानं आणि उपाहारगृहं सर्वांना खुली केली, १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवलं. तरीही ती कपबशी सगळीकडून एका दिवसात गेली नाही. एकाच परातीतली सुशीला शेजारी बसून खाणं ही या पदार्थाच्या इतिहासातली सर्वांत अलीकडची आणि सर्वांत मोलाची भर आहे.

आता सुशीला नेमकी कुणाची, यावर लातूरकर, सोलापूरकर आणि अंबाजोगाईकर हुज्जत घालतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कारण ते बालाघाटाच्या मातीतच तसं गोड होतं. सुशीलेला असा कागद मिळायचा नाही. तिचा तांदूळ परगावचा, मिरची आणि शेंगदाणा सातासमुद्रापलीकडून आलेले, नाव बहुधा शेजाऱ्याकडून घेतलेलं. बीडचं त्यात काय, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे: गरज. कमी पैशांत, कमी सरपणात, गाडी सुटायच्या आत पोट भरायचं होतं, आणि तेवढ्यासाठी या मुलखाने दुसऱ्यांच्या जिनसांतून स्वतःचा नाश्ता उभा केला. मालकीचा दावा करायचाच, तर तो एवढ्यापुरता करता येईल.