माणसाच्या अंगचे बळ

मंडळी, एखाद्या अडलेल्या माणसाला मदत करावयाची झाली तर आपण त्याला प्रथम काय विचारतो? "तुझ्याकडे काय नाही?" हेच ना? जमीन नाही, घर नाही, शिक्षण नाही, एक डोळा अधू आहे, घरचा कर्ता वारला आहे, अशी उण्याची यादी कागदावर चढते. यादी जितकी लांब, तितका अर्ज बळकट! यात गैर काही नाही. गरज समजल्यावाचून मदत द्यावी तरी कशी? पण त्याच माणसाला "तुला काय येतं? आजवर तू निभावलंस कसं?" असे विचारणारा मात्र क्वचितच भेटतो.

हा दुसरा प्रश्नही तितक्याच अगत्याने, किंबहुना आधी विचारावा, असे मानणारा एक विचार समाजकार्याच्या शास्त्रात रुजला आहे. आपण त्याला साध्या भाषेत 'अंगच्या बळावर उभे करण्याची रीत' म्हणू. तिचे शास्त्र अमेरिकेत तयार झाले. पण तिची मुळे जुनी आहेत आणि एक मूळ आपल्या वरोऱ्यातही सापडते. तो इतिहास थोडक्यात पाहू.

संघटित समाजकार्याचा आरंभ साधारणपणे 1869 सालापासून धरतात. त्या वर्षी लंडनमध्ये दानधर्माला शिस्त लावण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. शहरात दानशूर पुष्कळ होते. पण एका घरी चार ठिकाणांहून मदत जाई आणि शेजारचे घर उपाशी राही. मंडळीने घरोघर चौकशी सुरू केली, नोंदी ठेवल्या. 1877 साली अमेरिकेतील बफेलो शहरातही तशीच संस्था निघाली. शिस्त आली, हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर एक खोडही आली. गरिबांचे दोन वर्ग पडले: मदतीला पात्र आणि अपात्र. चौकशीला जाणारी मंडळी सुखवस्तू. गरिबीचे कारण माणसाच्या स्वभावात, त्याच्या आळसात किंवा व्यसनात शोधावयाचे, असा त्यांचा कल असे.

पुढे 1917 साली मेरी रिचमंड या विदुषीने या कामावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे नाव 'सोशल डायग्नोसिस', म्हणजे 'सामाजिक निदान'. बाईंची दृष्टी कोती नव्हती. नातलग आणि शेजारी हेही माणसाचे आधार आहेत, हे त्या आवर्जून सांगत. पण 'निदान' हा शब्द पडला वैद्याचा. पुढच्या पिढीत मदत मागणारा हळूहळू रोगी ठरला आणि कार्यकर्ता वैद्य. रोग कोणता, हे वैद्याला ठाऊक. रोग्याने फक्त जीभ दाखवायची!

याच काळात शिकागो शहरात मात्र निराळे वारे वाहत होते. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोघींनी 1889 साली तेथील एका गरीब वस्तीत 'हल हाऊस' नावाचे घर उघडले आणि त्या तेथेच राहू लागल्या. आजूबाजूला इटली, ग्रीस, रशिया अशा देशांतून पोटासाठी आलेली कुटुंबे होती. मुले कारखान्यात आणि शाळेत इंग्रजी शिकत. आयांना भाषा येत नसे. मुलांना आपल्या आईबापांची लाज वाटू लागली होती. यावर ॲडम्सबाईंनी 1900 साली एक उपाय योजला. त्यांनी 'श्रमाचे संग्रहालय' उघडले. त्यात काचेच्या कपाटातल्या वस्तूंवर भर नव्हता. वस्तीतल्याच बायाबापड्या तेथे बसून आपापल्या देशातल्या रीतीने सूत काढून आणि विणून दाखवीत.

ॲडम्सबाईंनी एका इटालियन मुलीची हकीकत सांगून ठेवली आहे. ही मुलगी हल हाऊसमध्ये स्वयंपाकाच्या वर्गाला येई आणि तिची आई सूत काढावयास येई. पण डोक्याला रुमाल बांधलेल्या गावंढळ आईबरोबर दिसायला नको, म्हणून मुलगी दुसऱ्या दाराने आत शिरे. एका संध्याकाळी तिने पाहिले तो काय, शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयातील मंडळी आईभोवती जमली आहेत आणि तिच्या टकळीवरच्या कौशल्याने थक्क झाली आहेत. त्या दिवसापासून मुलगी आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली. आईला कोणी नवे काही शिकवले नव्हते. जे तिच्या हातात होते, ते चारचौघांत मांडायला जागा दिली, एवढेच.

या शिकागोचा धागा आपल्याकडेही येतो. त्या शहरातील विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट मुंबईत आले आणि त्यांनी नागपाड्याला 'नेबरहुड हाऊस' काढले. पुढे 1936 साली त्यांच्याच नेतृत्वाखाली समाजकार्याचे शिक्षण देणारी भारतातील पहिली संस्था मुंबईत सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था.

पण आपल्या मातीतला सर्वांत ठसठशीत दाखला कोणत्याही विद्यापीठातून आलेला नाही. तो आहे वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचा. 1951 साली बाबा आमटे आणि साधनाताई दोन लहान मुले आणि सहा कुष्ठरोगी घेऊन एका खडकाळ, झुडपी माळावर राहावयास गेले. त्या काळी कुष्ठरोगी म्हणजे गावाबाहेर काढलेला, वाडगा घेऊन बसलेला माणूस. त्याला भीक घालणे हेच पुण्य. बाबांनी औषधोपचार केलेच; त्यासाठी ते कलकत्त्यास जाऊन शिकून आले होते. पण औषधाने जंतू मरतात. "मी निरुपयोगी आहे" ही समजूत मरत नाही. म्हणून त्यांनी झडलेल्या बोटांच्या हातांत कुदळ दिली. या माणसांनी विहीर खणली, जमीन लागवडीस आणली, भाजीपाला पिकवला. पुढे हातमाग आले, सुतारकाम आले. कालांतराने तेथे महाविद्यालयही निघाले, आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर घालवले होते, त्यांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या इमारतीत गावाची मुले शिकू लागली. बोटे किती गेली, हे डॉक्टरांनी मोजायचेच होते. उरलेल्या हाताने काय होते, हे मोजणारा आनंदवनात भेटला.

या रीतीला शास्त्राची बैठक मिळाली ती अमेरिकेतील कॅन्सस राज्यात. 1955 च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसे होती. नवी औषधे निघाली, 1963 साली नवा कायदा झाला आणि रुग्णालये रिकामी होऊ लागली. पण बाहेर पडलेला माणूस जाणार कुठे? कितीएक जण कोंदट खोल्यांत एकटे पडत आणि फिरून रुग्णालयात येत. 1982 साली कॅन्सस विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाला अशा लोकांसाठी दहा हजार डॉलरचे एक छोटे काम मिळाले. चार्ल्स रॅप आणि रॉना चेंबरलेन यांनी ठरवले की, आजाराचा इतिहास डॉक्टरांपाशी आहेच. आपण माणसाचा इतिहास विचारू.

त्यांच्या पद्धतीतील कागद पाहण्याजोगा आहे. राहणे, पैसा, कामधंदा, माणसांचा आधार, प्रकृती, विरंगुळा असे जीवनाचे भाग घ्यावयाचे आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: आज हाताशी काय आहे? पुढे काय हवे आहे? पूर्वी काय उपयोगी पडले होते? उत्तरे त्या माणसाच्याच शब्दांत लिहावयाची. कोणत्या दिशेने जायचे, ते त्यानेच ठरवायचे. कार्यकर्त्याने कचेरीत न बसता त्याच्या घरी, त्याच्या वस्तीत जायचे. 1989 साली ॲन वीक, रॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दृष्टीवर एक महत्त्वाचा लेख लिहिला आणि 1992 साली डेनिस सॅलीबी यांनी संपादिलेला ग्रंथ आला. तेथून हा विचार जगभरच्या समाजकार्याच्या वर्गांत पोचला.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एक, ही जादूची कांडी नव्हे. मानसिक आजारांच्या क्षेत्रातील प्रयोगांचा जो एकत्रित आढावा 2014 साली प्रसिद्ध झाला, त्यात ही रीत इतर चांगल्या पद्धतींहून सरस ठरल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. "तुझ्या अंगात बळ आहे ना? मग तुझं तू बघ!" असे म्हणून सरकारने किंवा समाजाने अंग काढून घ्यावे, ही या विचाराची विटंबना होय. आनंदवनातल्या माणसांच्या हातात कुदळ आली, त्याआधी जमीन आणि औषध मिळाले होते, हे विसरून चालणार नाही. बळ ओळखणे ही मदतीची पहिली पायरी. मदतीला दिलेली सुट्टी नव्हे.

गुरुजी आणि बाई, आता थोडे तुमच्याविषयी. वर्गातल्या एखाद्या मुलापुढे तुम्ही शेरा लिहिता: 'वारंवार गैरहजर, गणित कच्चे.' शेरा खरा असेल. पण तोच मुलगा आठवडे बाजारात आईच्या भाजीचा हिशेब तोंडी करीत असेल, पावशेराचा भाव क्षणात सांगत असेल, तर ते लिहायला तुमच्या वहीत रकाना आहे का? नसेल तर पेन्सिलीने एक आखा. त्यात प्रत्येक मुलाला काय येते, ते एकेका ओळीत लिहा. न कळल्यास त्याच्या आईला विचारा. मग पावकी-निमकी त्या बाजारापासूनच शिकवायला लागा. आणि गैरहजेरीचे कारण घरची ओढगस्त असेल, तर त्याची शिष्यवृत्ती, त्याची वह्यापुस्तके यांसाठी भांडायलाही कचरू नका. दोन्ही कामे एकाच शिक्षकाची आहेत.