बाहत्तरचा दुष्काळ: दुकानात ज्वारी, हातात पैसा नाही

आज सुरुवात फुलसावंगीपासून करूया. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं हे गाव. शेजारी पुसद तालुका, आणि त्यात गहुली, म्हणजे वसंतराव नाईकांचं गाव. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. १९७२चा दुष्काळ त्यांच्याच काळात पडला.

आता सांगा, पाऊस गेला की आधी काय जातं? आपण म्हणतो, धान्य. पण मजुराच्या घरातून आधी जाते मजुरी. पेरणीच नाही, तर निंदण कुठलं आणि कापूस वेचणी कुठली? दुकानात ज्वारी असते, भाव चढलेला असतो, आणि हातात पैसा नसतो. बाजार भूक बघत नाही, खिसा बघतो.

केन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९३६ साली हेच कारखान्यांबद्दल मांडलं होतं. लोकांकडून खरेदी थांबली की काम करायला तयार असलेले हातही रिकामे राहतात. बाजार आपोआप सावरेल म्हणून बसून राहू नका, सरकारने खर्च करावा. पुढे १९८१ साली अमर्त्य सेन यांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल दाखवलं, की केवळ धान्य कमी होतं म्हणून माणसं मेली नाहीत. ते विकत घ्यायची ऐपत गेली, म्हणून मेली.

महाराष्ट्राने त्याआधीच हा धडा गिरवला होता. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं अशी कामं निघाली. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती. मजुरी तुटपुंजी, ऊन जीवघेणं. तरी हातात पैसा आला आणि बंगालसारखा संहार टळला.

पण दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहेरबानी. ते हक्काचं कसं होणार? वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगलीच्या विसापुरात याचा प्रयोग केला होता. त्यातूनच रोजगार हमी योजना आली. १९७७ साली कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. काम मागा, १५ दिवसांत द्या, नाहीतर बेकारी भत्ता! २००५ साली देशानेही असा कायदा केला, आणि २००६ साली पहिल्या २०० जिल्ह्यांत यवतमाळ होता.

तर मंडळी, पुढच्या वेळी ‘संकट’ हा शब्द कानावर आला, की एवढंच विचारा: माल संपलाय, की मजुरी? आणि आज घरी आजीला विचारा, सुकडी आठवते का? भेटूया पुढच्या भागात.