रसेलने पाहिलेला सूड

१८५५ च्या उन्हाळ्यात क्रायमियात, सेवास्तोपोलच्या वेढ्यावर, एक देखणा हिंदी तरुण येऊन पोचला. अजीमुल्ला खान, नानासाहेब पेशव्यांचे वकील. पेशव्यांच्या तनख्याची कैफियत घेऊन ते लंडनला गेले होते आणि रिकाम्या हाताने परतत होते. १८ जूनचा इंग्रज-फ्रेंचांचा हल्ला ज्यांनी परतवला, ते रशियन त्यांना पाहायचे होते. लंडनच्या ‘टाइम्स’चा युद्धवार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल याने त्यांना रात्री आपल्याकडे ठेवून घेतले.

तीनच वर्षांनी हा रसेल हिंदुस्थानात आला तो पाहुणा बंडवाला झाल्यावर. मार्च १८५८ मध्ये कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेबरोबर तो लखनौत शिरला. कैसरबागेत गोरे शिपाई झुंबरे फोडत होते, शाली-जवाहिर लुटत होते. एकाने त्याच्यापुढेही रत्ने धरली. रोख पैसे जवळ नव्हते म्हणून सौदा फिसकटला, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. तेव्हा त्याला अवलिया ठरवायला नको.

तरी त्याची साक्ष मोलाची, कारण ती जेत्यांच्या छावणीतली आहे. फाशीआधी मुसलमानांना डुकराच्या कातड्यात शिवणे, अंगाला चरबी फासणे, हा सूड लाजिरवाणा आहे, उद्या आपल्यावरच उलटेल, असे त्याने स्वकीयांना बजावले. कानपूरच्या बीबीघरात बायकामुलांची कत्तल झाली, हे खरेच. ते आपणही झाकू नये. पण तिथल्या भिंतींवरचे, सूडासाठी डिवचणारे लिखाण हॅवलॉकची फौज आत गेली तेव्हा नव्हते, मागाहून कोणी तरी खरडले, हे रसेलने नोंदवले. विलायतेत रक्त तापलेले असताना हे लिहिणे सोपे नव्हते.

दिल्लीत त्याने कैदेतले बहादूरशहा जफर पाहिले. या थकल्या म्हाताऱ्याला कृतघ्न म्हणणाऱ्यांचे त्याला पटले नाही. ज्याचे सर्वस्व कंपनीने घेतले, त्याने उपकार कसले मानायचे?

त्याची रोजनिशी १८६० मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मात्र तिच्यात कैसरबागेतल्या बेगमा बोलत नाहीत, फासावर गेलेलेही नाहीत. त्यांची जबान रसेलला येत नव्हती. जबान येत होती ती अजीमुल्लांना, दोन्हीकडची. ते तराईच्या जंगलाकडे निघून गेले. क्रायमियातली ती रात्रही आपल्याला रसेलच सांगतो.