ब्रेमेनची किल्ली

औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज किती पुणेकर ये-जा करतात! पुण्याशी मैत्रीचं नातं असलेल्या एका जर्मन शहराचं नाव या चौकाला मिळालेलं आहे. त्या शहराचं मानचिन्ह फार साधं आहे. तांबड्या ढालीवर तिरकी ठेवलेली एक रुपेरी किल्ली, बस्स.

ही किल्ली मुळात संत पीटर यांची. स्वर्गराज्याच्या किल्ल्या तुला देईन, असं येशू ख्रिस्तांनी या शिष्याला सांगितल्याचं बायबलमध्ये येतं. ब्रेमेनचं मुख्य चर्च आठव्या शतकापासून याच पीटरच्या नावाचं. त्यामुळे त्याची किल्ली पुढे साऱ्या शहराचीच खूण बनली.

खरी गंमत पुढेच आहे. वेझर नदीकाठचं हे गाव व्यापारानं सधन झालं. हान्सा या व्यापारी शहरांच्या संघात त्याचं नाव झालं, आणि आर्चबिशपची सत्ता नागरिकांना जाचू लागली. १४०४ साली त्यांनी बाजारचौकात रोलांड या वीराचा दगडी पुतळा उभारला. नगराच्या स्वातंत्र्याची ही खूण चर्चकडे तोंड करून आजही उभी आहे. १५२२ पासून तिथं धर्मसुधारणेची प्रवचनं सुरू झाली आणि संतांची उपासना मागे पडली. किल्ली मात्र कुणी पुसली नाही. देवळाची किल्ली नगराची झाली. हॅम्बुर्ग हे जगाचं दार असेल, पण त्याची किल्ली आमच्याकडे आहे, असं ब्रेमेनकर अभिमानानं म्हणतात.

आपल्याकडे सासू कमरेचा जुडगा सुनेच्या हाती देते, तेव्हा मानाबरोबर घराची काळजीही देते. मला इथे इस्लामच्या इतिहासातला एक प्रसंग आठवतो. इसवी सन ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर प्रेषित मुहंमद यांनी काबागृहाची किल्ली पूर्वापार सांभाळणाऱ्या घराण्यातल्या उस्मान बिन तल्हा यांनाच परत केली. आम्ही याला अमानत म्हणतो. अमानत म्हणजे विश्वासानं सोपवलेली ठेव.

शहरही अशीच ठेव असतं. १९५० साली स्थापन झालेल्या पुणे महापालिकेचं 'वरं जनहितं ध्येयम्' हे ब्रीद तरी वेगळं काय सांगतं? पुणं नक्की कुणाचं, असा वाद आपण पेठेवरून, आडनावावरून, धर्मावरून घालत असतो. मला वाटतं, जो या शहराची नदी, रस्ते आणि शेजार सांभाळतो, त्याच्या हाती किल्ली आहे. मग तो कालच इथं राहायला आलेला का असेना!