जिंतूर परिसरातील आखाडा : निजामकालीन शेतघराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वसाहतकालीन शेतघर म्हटले की ब्रिटिश मुलखातील साहेबाचा बंगला डोळ्यांसमोर येतो. जिंतूर मात्र 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात होते. येथील शेतघर म्हणजे आखाडा होय. आखाड्यावरून दिसून येणाऱ्या जमीनसंबंधांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आखाड्याचे स्वरूप :
देशमुख, पाटील यांचे वास्तव्य गावातील गढीत किंवा वाड्यात असे; आखाडा शिवारात, विहिरीजवळ असे. दगडमातीच्या भिंती, वर माळवद किंवा गवताचे छप्पर, लगत गोठा, खळे आणि कडब्याची गंजी अशी त्याची साधी रचना होती. वाडा मालकाची प्रतिष्ठा दर्शवी, तर आखाडा श्रमाचे ठिकाण होता. तेथे बैलांची निगा व पिकाची राखण सालगडी करीत असे. त्याचे साल गुढीपाडव्याला ठरे आणि मोबदला धान्य व रोख या रूपाने मिळे.

बदलाची प्रक्रिया :
सालारजंग पहिले 1853 मध्ये दिवाण झाले. त्यांच्या सुधारणांमुळे 1865 मध्ये जिल्हाबंदी झाली व महसुलाची वसुली सरकारी अधिकाऱ्यांकडे आली. 1900 मध्ये मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग सुरू झाल्यावर परभणीचा कापूस दूरच्या बाजारपेठांशी जोडला गेला. ज्वारीच्या या प्रदेशात नगदी पिकाचे महत्त्व वाढले. 1918 मध्ये परभणी येथे प्रायोगिक शेतीक्षेत्र स्थापन झाले.

कूळकायदा आणि सालगडी :
सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर 1949 मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा 1950 मध्ये लागू झाला आणि कुळांना संरक्षण मिळाले. परंतु रोख किंवा धान्यरूपी वेतनावरील नोकरांकडून केलेली शेती ही याच कायद्याने मालकाची ‘स्वतः कसलेली’ शेती मानली. परिणामी पिकाच्या वाट्यावर जमीन कसणारा कूळ ठरू शकला. आखाड्यावर वर्षानुवर्षे राहणारा सालगडी मात्र कुळाच्या व्याख्येबाहेर राहिला. त्याचे श्रम मालकाच्या हक्काचा आधार ठरले.

निष्कर्ष :
जमिनीवरील वास्तव्य आणि जमिनीवरील हक्क यांतील अंतर आखाड्यात स्पष्ट दिसते. मराठवाड्याचा कृषी इतिहास केवळ गढ्या, वाडे व महसुली दप्तरे यांवरून लिहिल्यास सालगड्याचे स्थान त्यात उमटत नाही. मातीच्या या वास्तू फार काळ टिकत नाहीत. म्हणून त्या पडण्यापूर्वी त्यांचे मोजमाप घेणे आणि तेथे राबलेल्या कुटुंबांच्या मौखिक साक्षी नोंदविणे आवश्यक आहे.