होशंगाबादच्या शाळांतील विज्ञान

विद्यार्थ्याला विज्ञानाची गोडी कशी लागावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा उपदेशाने दिले जाते. मुलांनी जिज्ञासू व्हावे, असे आपण त्यांना सांगतो. परंतु जिज्ञासा ही सांगून येणारी वस्तू नव्हे. ती कशाने वाढते आणि कशाने कोमेजते, हे पाहावयाचे असेल तर मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या नर्मदापुरमच्या, शाळांचा तीस वर्षांचा इतिहास पाहावा.

१९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी राज्यशासनाच्या अनुमतीने तेथील १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या विज्ञानशिक्षणाचा एक नवा उपक्रम आरंभिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील अध्यापक त्यास येऊन मिळाले. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यात पसरला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली.

या शाळांत चार-चार मुलांच्या टोळ्या करीत. प्रत्येक टोळीने प्रयोग करावा, दिसले ते वहीत लिहावे आणि मग साऱ्या वर्गाने मिळून निष्कर्ष काढावा, अशी रीत होती. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात प्रश्न पुष्कळ असत. त्यांची उत्तरे मात्र मुलांनीच शोधावयाची असत. नाणी उडवून संभाव्यतेचे गणित तेथे शिकले जाई. पुण्यातील नोकरीतून एका वर्षाची रजा काढून १९७८ मध्ये तेथे गेलेल्या अरविंद गुप्ता या अभियंत्याला आगकाड्या आणि सायकलच्या व्हाल्वची रबरी नळी यांतून भूमितीच्या आकृती सुचल्या. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील बालविज्ञान केंद्रात त्यांच्या हातून अशी असंख्य खेळणी घडली. मुलांच्या शंकांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरेही मिळत.

येथवरचा भाग कौतुकाचा आहे. परंतु खरे मर्म परीक्षेत आहे. मुलाने वर्षभर प्रयोग केले आणि अखेरीस व्याख्या पाठ म्हणावयास लावली, तर पुढच्या वर्षी ते प्रयोगाकडे ढुंकूनही पाहणार नाही. परीक्षेत जे मोजले जाते त्यालाच मूल विद्या समजते. होशंगाबादच्या योजकांनी हे नेमके ओळखले होते. तेथील लेखी परीक्षेत पुस्तक आणि वही जवळ ठेवण्याची मुभा असे, आणि तिच्या जोडीला प्रत्यक्ष प्रयोगांचीही परीक्षा होई. पाठांतराचा उपयोगच उरला नाही, म्हणून विचार करणे भाग पडले.

गोडी आणि विद्या यांचे नाते आपण समजतो तसे एकमार्गी नाही, हेही यावरून ध्यानात येते. आधी गोडी आणि मग विद्या, असा क्रम नेहमीच असत नाही. स्वतः काढलेले एखादे उत्तर बरोबर निघाले की मुलाच्या मनात आत्मविश्वास येतो. त्या विश्वासातून गोडी उपजते, आणि ती गोडी पुढील कठीण धड्यास पुरते. केवळ करमणुकीने लागलेली गोडी मात्र करमणूक संपताच संपते.

२००२ साली राज्यशासनाने हा उपक्रम बंद केला. या पद्धतीने शिकलेली मुले पुढील परीक्षांत मागे पडतात, असा आक्षेप घेण्यात आला होता. उपक्रमाच्या चालकांना तो मान्य नव्हता. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु शासकीय कारभाराशी परिचय असलेल्या माणसाला त्यातील अडचण सहज उमगते. आठवीपर्यंत एक मोजपट्टी आणि दहावीला दुसरी, अशा व्यवस्थेत पालकाची चिंता अवाजवी म्हणता येत नाही. एका जिल्ह्याने परीक्षा बदलली, तरी वरची शिडी जुनीच राहिली होती.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. हे कर्तव्य मुलांकडून अपेक्षिताना आपण त्यांच्यापुढे कोणती प्रश्नपत्रिका ठेवतो, हे एकदा तपासून पाहावे. विज्ञानाविषयी विद्यार्थ्याची वृत्ती कशी घडणार, याचे उत्तर पुष्कळ अंशी त्या कागदावरच लिहिलेले असते.